शनिवारच्या गेमआधी: कॉलेज फुटबॉलमध्ये कोण जिंकेल हे कसं जोखायचं

ऑगस्टमध्ये कोलंबस, ॲन आर्बर, वेस्ट लाफिएट किंवा कॉलेज स्टेशनला शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना दोन-तीन आठवड्यांतच कळून चुकतं की इथे शनिवारी गावात दुसरं काही होत नाही. रस्ते बंद असतात, पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटलेल्या असतात आणि एरवी कामापुरतं बोलणारा लॅबमधला सहकारी शुक्रवारपासून एकच प्रश्न विचारत असतो, ‘उद्या काय वाटतं?’ ‘आपणच जिंकणार’ असं म्हणून वेळ मारून नेता येते, पण गप्पा तिथेच संपतात. त्याच्या पुढचं, जरा वजन असलेलं उत्तर कसं काढायचं, ते या लेखात सांगतो. चार डाऊन, दहा यार्ड, टचडाऊनचे सहा, नंतरच्या किकचा एक आणि फील्ड गोलचे तीन, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

बहुतेक फॅन हिशेब उलटा करतात. आधी गोष्ट रचतात, म्हणजे मागच्या वर्षीचा बदला, नवा कोच, घरचं मैदान वगैरे, आणि मग त्या गोष्टीला शोभेल असा स्कोअर सांगतात. माझं म्हणणं असं की आधी बाजाराचा, म्हणजे पैजा लावणाऱ्यांच्या बाजारातला, आकडा घ्या, त्याची टक्केवारी करा, आणि मग आपल्या जवळ खरोखर नवी माहिती असेल तरच त्यात हात घाला. तोही दोन-तीन पॉइंटांपुरता.

पायरी 1: लाईन वाचायला शिका

गेमची चर्चा ज्या आकड्याभोवती फिरते त्याला सगळे ‘लाईन’ किंवा ‘स्प्रेड’ म्हणतात. एखाद्या टीमपुढे उणे 7 लिहिलं असेल तर ती फेव्हरिट, आणि ती सातने जिंकेल असा अंदाज. सातपेक्षा जास्त फरकाने जिंकली तर तिने ‘कव्हर’ केलं, बरोबर सातने जिंकली तर ‘पुश’, म्हणजे बरोबरी. कमी फरकाने जिंकली किंवा हरली तर अंडरडॉगवाले, म्हणजे समोरच्या दुबळ्या टीमवाले, खूश. ही पद्धत 1940 च्या दशकात रुळली. तिचं श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनील या गणिताच्या शिक्षकाला दिलं जातं.

दुसरा आकडा ‘टोटल’चा, म्हणजे दोन्ही टीमचे मिळून किती पॉइंट होतील त्याचा. स्प्रेड आणि टोटल मिळून बाजाराच्या मनातला स्कोअर काढता येतो. टोटल 49, स्प्रेड 7 असेल तर दोन्हींची बेरीज करून निम्मी करा: 56 चे निम्मे 28. उरलेले 21 दुसऱ्या टीमचे. ‘आम्ही 45-10 ने धुणार’ असं म्हणणाऱ्यासमोर 28-21 ठेवला की तो जमिनीवर येतो.

तिसरा आकडा मनीलाईन. यात फरकाची भानगड नाही, फक्त कोण जिंकणार. उणे 250 म्हणजे 100 डॉलर कमावण्यासाठी 250 लावायचे. अधिक 205 म्हणजे 100 लावले तर 205 मिळणार. यातून टक्केवारी काढणं सोपं आहे. फेव्हरिटसाठी 250 भागिले 350, म्हणजे 71.4 टक्के. अंडरडॉगसाठी 100 भागिले 305, म्हणजे 32.8 टक्के. बेरीज 104.2 होते. शंभराच्या वरचे चार टक्के ही दुकानदाराची कमाई. ती काढून टाकायला 71.4 ला 104.2 ने भागा, उत्तर 68.5 टक्के. हा खरा आकडा, आणि पुढचा सगळा विचार याच्यापासून सुरू करायचा.

इथे पैशांबद्दल एकदाच बोलतो. हे आकडे वाचायला पैसे लावावे लागत नाहीत आणि हा लेख त्यासाठी नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मे 2018 मध्ये देशव्यापी बंदी उठवली, पण कायदा राज्यागणिक वेगळा आहे. ओहायो आणि मिशिगनमध्ये परवानगी आहे, टेक्ससमध्ये नाही. भारतात तर 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीच आहे. शिवाय नेहमीचा दर असा की 100 जिंकायला 110 लावावे लागतात, म्हणजे दर शंभर अंदाजांपैकी 52.4 बरोबर आले तरच माणूस ना नफा ना तोटा राहतो. दिवसरात्र हेच करणाऱ्यांनाही तेवढं सातत्याने जमत नाही.

पायरी 2: फरकाची टक्केवारी करा

मनीलाईन दिसत नसेल तर फक्त स्प्रेडवरूनही टक्केवारी काढता येते. कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्यक्ष निकाल लाईनच्या आजूबाजूला खूप पसरतात. प्रमाण विचलन, म्हणजे निकाल लाईनपासून किती दूर पसरतात त्याचं माप, साधारण 16 पॉइंटांचं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते 13-14 च्या आसपास असतं. 16 धरून येणारे ढोबळ आकडे लक्षात ठेवा: 3 पॉइंटांची फेव्हरिट शंभरातून 57-58 वेळा जिंकते, 7 ची 67 ते 70 वेळा, 10 ची 75 च्या आसपास, 14 ची ऐंशीच्या थोडं वर आणि 21 ची नव्वदच्या वर.

या यादीकडे दोन मिनिटं नीट बघा, कारण फॅनचा अंदाज नेमका इथे चुकतो. सात पॉइंटांची फेव्हरिट म्हणजे ‘नक्की जिंकणार’ असं वाटतं, पण ती तीनातून जवळपास एकदा हरते. उलट तीन पॉइंटांचा अंडरडॉग म्हणजे ‘आपलं काही खरं नाही’ असं वाटतं, आणि तो तर जवळजवळ नाणेफेकीचा गेम असतो.

3 आणि 7 या आकड्यांना वेगळी किंमत आहे. गेम फील्ड गोल आणि टचडाऊनने चालतो, त्यामुळे बरेच निकाल नेमक्या 3 किंवा 7 च्या फरकाने लागतात. लाईन अडीचवरून साडेतीनवर गेली तर ती हालचाल अकरावरून बारावर जाण्यापेक्षा मोठी समजायची.

पायरी 3: रँकिंग बाजूला ठेवा, रेटिंग बघा

एपी पोल 1936 पासून आहे आणि तो पत्रकारांच्या मतांवर चालतो. त्यात ‘आतापर्यंत कोणी काय मिळवलं’ याचा गौरव असतो. उद्याचा अंदाज बांधायला त्याचा उपयोग कमी. बाराव्या क्रमांकाची टीम विसाव्या क्रमांकाच्या टीमच्या मैदानावर अंडरडॉग म्हणून उतरते, आणि टीव्हीवर त्याला अपसेट म्हणतात. बाजाराला त्यात नवल वाटत नाही.

त्याऐवजी बिल कॉनेली यांचं एसपी प्लस किंवा ईएसपीएनचं एफपीआय बघा. हे आकडे ‘सरासरी टीमपेक्षा किती पॉइंट चांगली’ या भाषेत असतात. दोन टीमच्या आकड्यांची वजाबाकी केली आणि घरच्या मैदानाचे पॉइंट घातले की तुमची स्वतःची कच्ची लाईन तयार. ती खऱ्या लाईनपेक्षा चार-पाच पॉइंटांनी वेगळी आली तर ‘बाजार झोपलाय’ म्हणून उड्या मारू नका. बहुतेक वेळा बाजाराला एखादी दुखापत माहीत असते आणि तुमच्या रेटिंगला नसते.

सप्टेंबरमध्ये या रेटिंगांवर जास्त भरवसा नको. तेव्हा त्यांचा आधार मागच्या मोसमाचे आकडे, परतलेले खेळाडू आणि भरतीचा दर्जा एवढाच असतो. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, 2018 मध्ये सुरू झालं, 2021 पासून खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी नाव व प्रतिमेतून पैसे कमवायलाही परवानगी आली. तेव्हापासून अर्धी टीम एका हिवाळ्यात बदलू शकते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाच-सहा गेम होतात, मग आकड्यांना चव येते.

पायरी 4: नशीब वेगळं काढा

टीमचा रेकॉर्ड खोटं बोलतो. कसा, ते दोन उदाहरणांत बघा. 2021 ची नेब्रास्का 3-9 होती, पण नऊही पराभव एक आकडी फरकाचे. मोसमभरात तिने खाल्लेल्या पॉइंटांपेक्षा केलेले पॉइंट जास्त होते! उलट 2022 ची टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी). एकामागून एक अटीतटीचे गेम खेचत ती थेट राष्ट्रीय अंतिम गेमला पोचली आणि तिथे जॉर्जियाने तिला 65-7 ने झोडपलं. टीसीयू वाईट नव्हती. मिशिगनला हरवूनच ती तिथवर आली होती. पण 12-0 हा आकडा तिच्या ताकदीपेक्षा मोठा होता.

म्हणून मागच्या गेमचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, उघडा आणि चार गोष्टी शोधा. पहिली, दर प्लेला किती यार्ड मिळाले. एकूण यार्डांपेक्षा हा आकडा प्रामाणिक असतो. दुसरी, सक्सेस रेट: पहिल्या डाऊनवर लागणाऱ्या यार्डांपैकी 50 टक्के, दुसऱ्यावर 70 टक्के, आणि तिसऱ्या-चौथ्यावर पूर्ण यार्ड मिळाले तर तो प्ले यशस्वी. यशस्वी प्लेचं प्रमाण पुढच्या आठवड्यातही बऱ्यापैकी टिकतं, लांबलचक प्ले तेवढे टिकत नाहीत. तिसरी, फंबल. चेंडू हातातून सुटणं हा काही अंशी निष्काळजीपणा असेल, पण जमिनीवर पडलेला तो लांबट चेंडू कोणाच्या हाती लागतो हे जवळपास नशिबावर असतं. पाचपैकी पाच फंबल मिळवून जिंकलेल्या टीमला पुढच्या शनिवारी तेवढेच मिळतील असं धरू नका. चौथी, शेवटच्या क्वार्टरमधले पॉइंट. 38-7 वर असताना दुसऱ्या फळीच्या खेळाडूंनी खाल्लेले दोन टचडाऊन मोजायचेच नाहीत.

‘आम्ही अमक्यांना हरवलं, त्यांनी तमक्यांना हरवलं, म्हणून आम्ही तमक्यांना हरवणार’ ही साखळी टेलगेटमध्ये, म्हणजे पार्किंगमधल्या गेमआधीच्या मेजवानीत, फार चालते. सप्टेंबर 2024 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नॉट्र डेमला त्यांच्याच मैदानावर 16-14 ने हरवलं. त्याच मोसमात नॉट्र डेम राष्ट्रीय अंतिम गेम खेळली. त्या साखळीने मग नॉर्दर्न इलिनॉयला कुठे बसवायचं?

पायरी 5: कोण खेळणार, ते तपासा

तुमच्या वाचनाने काही फरक पडू शकतो तो इथेच. क्वार्टरबॅक बदलला तर लाईन सात पॉइंटांनीही हलू शकते. बाकी बहुतेक जागांवरच्या एकट्या खेळाडूची किंमत अर्धा-एक पॉइंट, कधी तेवढीही नाही. वाईड रिसिव्हरचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं म्हणून त्याची गैरहजेरी जास्त मोजली जाते. ओ-लाईनमधले, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभे राहून त्याला वाचवणारे, पाच जण कोणाच्या लक्षातही राहत नाहीत, पण त्यातले दोन गेले की फरक पडतो.

फ्लोरिडा स्टेटचं 2023 हे यासाठीचं सर्वांत बोलकं वर्ष. नोव्हेंबरच्या मध्यात क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला. टीम तरीही 13-0 राहिली, पण निवड समितीने तिला चार टीमच्या प्लेऑफमधून बाहेर ठेवलं. मग ऑरेंज बोल या मोसमाअखेरच्या खास गेममध्ये कितीतरी खेळाडूंनी माघार घेतली आणि जॉर्जियाने 63-3 ने धुव्वा उडवला. डिसेंबर-जानेवारीतल्या प्लेऑफबाहेरच्या बोल गेमसाठी म्हणूनच वेगळा नियम ठेवा: कोण माघार घेतंय आणि कोण पोर्टलमध्ये गेलंय, ही यादी हाती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोसमभराचे आकडे तिथे जवळपास निरुपयोगी.

पूर्वी कोच दुखापती लपवत. आता बिग टेन या कॉलेजांच्या गटात 2023 पासून गेमच्या दोन तास आधी अधिकृत यादी येते. एसईसी या दुसऱ्या गटात 2024 पासून आठवड्याच्या मध्यापासून रोज यादी येते आणि शेवटची किकऑफच्या 90 मिनिटं आधी. त्याआधीचं ‘तो सरावात लंगडत होता’ वगैरे ऐकावं आणि सोडून द्यावं.

पायरी 6: मैदान, वारा, वेळ

घरच्या मैदानाचे सरसकट तीन पॉइंट देण्याची जुनी रीत आहे. आताशा दोन-अडीच पुरे. पेन स्टेटची व्हाईट आऊट (सगळे प्रेक्षक पांढऱ्या कपड्यांत) किंवा लुइझियानात रात्रीचं टायगर स्टेडियम यांना थोडं जास्त द्यावंसं वाटतं, तर द्या, पण अर्ध्या-एक पॉइंटाच्या वर जाऊ नका. वायोमिंगचं मैदान 7,220 फुटांवर आहे. तिथे पाहुण्यांना चौथ्या क्वार्टरमध्ये धाप लागते हे खरं.

हवामानात लोक पाऊस आणि बर्फ बघतात. बघायचा असतो वारा. 5 नोव्हेंबर 2022 ला ओहायो स्टेट नॉर्थवेस्टर्नच्या मैदानावर प्रचंड फेव्हरिट म्हणून उतरली. वारा असा सुटला की सी. जे. स्ट्राऊडसारख्या क्वार्टरबॅकला 26 पैकी 10 पास जमले आणि एकूण 76 यार्ड मिळाले. ओहायो स्टेट जिंकली, पण 21-7 ने. वारा ताशी 20 मैलांच्या वर असेल तर टोटल कमी धरा आणि पासिंगवर जगणाऱ्या फेव्हरिटला थोडं कमी द्या.

याच्याशी जोडलेला मुद्दा गेमच्या वेगाचा. चेंडू जितक्या कमी वेळा हातात येतो, तितका दुबळ्या टीमला चमत्कार घडवायला वाव जास्त. 2018 मध्ये आर्मीने हे ओक्लाहोमात करून दाखवलं. धावत राहायचं, घड्याळ चालू ठेवायचं. 44 मिनिटांहून जास्त वेळ चेंडू आर्मीकडे होता, आणि त्या वर्षी हाइझमन हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकणाऱ्या कायलर मरेला बाजूला बसून बघावं लागलं. ओक्लाहोमा ओव्हरटाईममध्ये 28-21 ने कशीबशी सुटली. मोठी लाईन आणि छोटी टोटल एकत्र दिसली की थांबून विचार करा.

पायरी 7: रायव्हलरी आणि ‘मोमेंटम’ला किती द्यायचं

मी शून्य देतो. भांडण करा हवं तर.

एक गेम धरून बघू

30 नोव्हेंबर 2024, कोलंबस. ओहायो स्टेट 10-1, क्रमांक दोन. मिशिगन 6-5. लाईन वीसच्या आसपास, म्हणजे मिशिगनला शंभरात फार तर दहा. मिशिगनने ओहायो स्टेटविरुद्धचे मागचे तीन गेम जिंकले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे बाजारालाही. त्याला काही द्यायचं नाही.

आता नवी माहिती. ओहायो स्टेटच्या ओ-लाईनमधला लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरपासून बाहेर, आणि सेंटर सेथ मॅकलॉलिन नोव्हेंबरमध्ये जखमी. समोर मिशिगनचे मेसन ग्रॅम आणि केनेथ ग्रँट, देशातल्या उत्तम डिफेन्सिव्ह टॅकलच्या जोड्यांपैकी एक. म्हणजे ओहायोची सर्वांत कच्ची जागा आणि मिशिगनची सर्वांत पक्की जागा समोरासमोर. त्यात टोटल छोटी. हे मुद्दे मिशिगनच्या बाजूने. विरुद्ध बाजूला, मिशिगनचा कॉर्नरबॅक विल जॉन्सन आणि टाईट एंड कोल्स्टन लव्हलँड दोघेही खेळणार नव्हते, आणि पासिंग आधीच लंगडं. शिवाय आदल्याच आठवड्यात ओहायो स्टेटने याच दुरुस्त केलेल्या ओ-लाईनने इंडियानाला 38-15 ने हरवलं होतं. सगळं धरून मी दोन पॉइंट हलवले असते. वीसचे अठरा, दहा टक्क्यांचे बारा-तेरा.

मिशिगन 13-10 ने जिंकली. पासिंगमधून शंभर यार्डही न मिळवता. ओहायो स्टेट मध्यातूनच धावत राहिली, तिचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन पास अडवले गेले, 40 यार्डांच्या आतले दोन फील्ड गोल हुकले, आणि शेवटच्या मिनिटात डॉमिनिक झ्वाडाने मिशिगनचा जिंकून देणारा फील्ड गोल मारला.

मग बारा टक्के हा अंदाज चुकला का? एका गेमवरून ते सांगता येत नाही. बारा टक्क्यांच्या गोष्टी आठ-नऊ वेळांत एकदा घडतात. तपासायचं ते हे, की घडलं त्यातलं आधी दिसत होतं काय. मधल्या फळीतली कुस्ती दिसत होती. हुकलेल्या किक नव्हत्या. ओहायोच्या फॅननी त्या रात्री कोच रायन डे यांना काढून टाका म्हणून आरडाओरडा केला. त्याच टीमने पुढे टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस आणि नॉट्र डेमला हरवून जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. लाईन ज्या ताकदीबद्दल बोलत होती ती टीममध्ये होतीच.

याहून मोठी उलथापालथही झालेली आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये स्टॅनफर्ड 41 पॉइंटांचा अंडरडॉग म्हणून लॉस एंजेलिसला यूएससीविरुद्ध उतरली आणि 24-23 ने जिंकली. यूएससीचा क्वार्टरबॅक जॉन डेव्हिड बूटी बोट मोडलेलं असताना खेळत राहिला आणि त्याचे चार पास अडवले गेले. म्हणून टक्केवारी सांगताना ‘शंभर’ आणि ‘शून्य’ हे आकडे वापरूच नका.

पायरी 8: वही ठेवा

आपल्या टीमबद्दल बोलताना माणूस पाच-सात टक्के नकळत वाढवतो. यावर एक साधा उपाय आहे. टीमची नावं झाका, ‘क्ष’ आणि ‘य’ लिहा, आकडे तेवढे ठेवा आणि मग टक्केवारी ठरवा.

ती टक्केवारी किकऑफच्या आधी लिहून ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर उत्तम, नंतर शब्द फिरवता येत नाही. गेमनंतर गुण असे द्या: जिंकली तर 1, हरली तर 0. त्यातून तुमची टक्केवारी दशांशात वजा करा आणि वर्ग करा. 70 टक्के म्हणालात आणि टीम जिंकली तर 0.3 चा वर्ग, 0.09. हरली तर 0.7 चा वर्ग, 0.49. कमी गुण चांगले. प्रत्येक गेमला डोळे मिटून 50 टक्के म्हणणाऱ्याला कायम 0.25 मिळतात. मोसमाच्या शेवटी तुमची सरासरी 0.25 च्या वर असेल तर नाणं तुमच्यापेक्षा हुशार ठरलं. शेजारच्या रकान्यात बाजाराच्या टक्केवारीचेही गुण लिहा. त्याच्या जवळपास राहिलात तरी ग्रुपमधल्या बहुतेकांच्या पुढे असाल.

पुण्या-नागपुरात बसून हे करणाऱ्यांसाठी वेळेचं गणित: पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी बाराचा गेम आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. म्हणजे बिग टेनची यादी बघायला साडेसातला, आणि नोव्हेंबरात साडेआठला, फोन हातात हवा. तिकडे रविवार उजाडला की पुढच्या आठवड्याच्या लाईनी येऊ लागतात. तेव्हाचा आकडा टिपून ठेवा. शुक्रवारपर्यंत तो 3 किंवा 7 ओलांडून गेला असेल, तर कारण शोधायचं काम तिथून सुरू करा.